दोन मोठे फ्लॅगशिप फोन: तुलना कुठून सुरू करायची आणि कुठल्या क्रमानं

कोल्हापुरातल्या राजारामपुरीत एका संध्याकाळी दोन दुकानं फिरायची, दोन्ही फोन हातात घ्यायचे, दुकानाच्या छताचा एक फोटो काढायचा, तो दोन बोटांनी मोठा करून बघायचा आणि "हा भारी वाटतोय" म्हणून सव्वा लाखाचा निर्णय घ्यायचा. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी असंच केलंय. मग महिन्याभरात मला फोन येतो. "ह्यात मेमरी कार्ड बसत नाही होय?" "व्हॉट्सअ‍ॅपचं जुनं सगळं गेलं की!" हे सगळं आधी कळण्यासारखं होतं, पण विचारायच्या गोष्टी पैसे दिल्यावर विचारल्या गेल्या. म्हणून हा क्रम लिहून काढतोय.

उदाहरणासाठी सॅमसंगचा गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा (जानेवारी २०२५) आणि अ‍ॅपलचा आयफोन १६ प्रो मॅक्स (सप्टेंबर २०२४) घेतलेत. दोघांचा पडदा ६.९ इंची, आणि लोक सगळ्यात जास्त अडकतात ते ह्या दोन घरांच्या मध्ये. तुम्ही पुढचं मॉडेल घेणार असाल तरी पायऱ्या ह्याच. खरेदीपर्यंत सगळं मिळून आठ-दहा दिवस लागतात. तेवढे द्या.

टप्पा १: आधी स्वतःचा आठवडा लिहून काढा

दुकानात जायच्या आधी सात दिवस सध्याच्या फोनकडे बघा. सेटिंगमध्ये रोजचा स्क्रीन टाइम दिसतो, कुठलं अ‍ॅप किती बॅटरी खातं ते दिसतं, स्टोरेज किती भरलंय तेही दिसतं. हे तीन आकडे कागदावर घ्या. त्याखाली, ज्याच्याशिवाय तुमचं काम अडेल अशा गोष्टी लिहा, जास्तीत जास्त पाच. "चांगला कॅमेरा" असं मोघम लिहू नका. "मुलीच्या नाचाचे संध्याकाळचे फोटो हलू नयेत" असं लिहा.

थांबा: हा कागद पूर्ण होईपर्यंत यूट्यूबवरचा एकही रिव्ह्यू बघू नका. एकदा बघितला की कागदावर त्या माणसाच्या गरजा उतरतात, तुमच्या नाही.

टप्पा २: नंतर बदलता न येणाऱ्या गोष्टी

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि हाच सगळ्यात जास्त लोक गाळतात. कव्हर बदलता येतं, चार्जर बदलता येतो, कॅमेऱ्याच्या सेटिंग बदलता येतात. खालच्या गोष्टी फोनसोबतच येतात आणि फोन असेपर्यंत राहतात.

सिम. भारतात मिळणाऱ्या आयफोन १६ प्रो मॅक्समध्ये एकच सिमकार्ड बसतं, दुसरा नंबर ई-सिमवर (फोनमध्येच असलेलं, कार्ड नसलेलं सिम) घ्यावा लागतो. एस२५ अल्ट्रामध्ये दोन कार्डं बसतात, शिवाय ई-सिमही चालतं. शेतावर गेल्यावर दुसऱ्याच्या हँडसेटमध्ये स्वतःचं कार्ड घालून बोलायची सवय असलेल्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. ई-सिम असं काढून दुसरीकडे घालता येत नाही.

स्टोरेज. दोन्हींत मेमरी कार्डाची सोय नाही. दोन्ही २५६ जीबी, ५१२ जीबी आणि १ टीबी अशा तीन आकारांत येतात. टप्पा १ मधला तुमचा आकडा १५० जीबीच्या पुढे असेल तर २५६ मध्ये दोन वर्षांत कोंडी होणार हे धरून चाला. फुकटची ऑनलाइन जागा गूगलकडे १५ जीबी आणि आयक्लाउडवर ५ जीबी मिळते. त्यापुढे दरमहा पैसे.

कॉल रेकॉर्डिंग. हा मुद्दा परीक्षणांत क्वचित येतो, पण कोल्हापुरात व्यापार-उद्योग करणाऱ्याला तोच आधी लागतो. आमच्या दाजींची शिरोली एमआयडीसीत छोटी फाउंड्री आहे. ते कॅमेऱ्यांची तुलना घेऊन आले होते. मी विचारलं, "दाजी, रोज फोन किती येतात तुम्हाला?"

"सत्तर-ऐंशी. ऑर्डरचं वजन, दर, तारीख सगळं फोनवरच ठरतंय. रेकॉर्डिंग ऐकून रात्री वहीत उतरवतो बघ."

त्यांचा प्रश्न तिथंच सुटला. भारतातल्या सॅमसंगमध्ये कंपनीच्याच फोन अ‍ॅपमध्ये रेकॉर्डिंग आहे आणि प्रत्येक कॉल आपोआप साठवायची सोयही आहे. आयफोनवर आयओएस (आयफोनचं मूळ सॉफ्टवेअर) १८.१ पासून रेकॉर्डिंग आलं, पण प्रत्येक कॉलला स्वतः बटण दाबावं लागतं आणि कॉल रेकॉर्ड होतोय अशी सूचना दोन्ही बाजूंना ऐकू जाते. समोरच्याला कळावं हे योग्यच आहे, आणि सॅमसंगवाल्यांनीही सांगूनच रेकॉर्ड करावं असं माझं स्पष्ट मत आहे. पण कामाची पद्धत त्यावर बसलेली असेल तर हा फरक आधी माहीत हवा.

घरातले बाकीचे फोन आणि यंत्रं. अ‍ॅपल वॉच फक्त आयफोनला जोडलं जातं. सॅमसंगची नवी घड्याळं आयफोनला जोडली जात नाहीत. घरात मॅक असेल तर आयफोनचे फोटो त्याच्यावर सहज जातात. ऑफिसात विंडोज असेल तर सॅमसंगचं जास्त जुळतं. पेन फक्त एस२५ अल्ट्रामध्ये आहे. त्यातलं ब्लूटूथ मात्र ह्या मॉडेलपासून काढून टाकलंय, म्हणजे लांबून पेनचं बटण दाबून फोटो काढता येत नाही. जुना अल्ट्रा वापरणाऱ्यांना हे खटकेल.

मराठी टायपिंग. दुकानात दोन्ही फोनवर "उद्ध्वस्त", "ऱ्हास", "ज्ञानेश्वरी" आणि तुमचं स्वतःचं पूर्ण नाव टाइप करून बघा. बोलून टाइप करत असाल तर घरी बोलता तसंच बोला, पुस्तकी नको. दिवसातून दोनशे मेसेज मराठीत करणाऱ्याला प्रोसेसरपेक्षा हे जास्त जाणवतं.

अपडेटवर फार वेळ घालवू नका. सॅमसंगनं सात वर्षांचं आश्वासन दिलंय, आणि २०१८ च्या आयफोन एक्सएसला २०२४ मध्ये आयओएस १८ मिळालं होतं. दोन्ही पुरेसे टिकतात.

तपासा: इथंच एखादा फोन बाद झाला का? झाला असेल तर पुढची तुलना करू नका. थेट टप्पा ३ मधला हिशोब करा आणि ७ वर जा.

टप्पा ३: खरी किंमत, एका कागदावर

बाजारात येताना २५६ जीबीचा एस२५ अल्ट्रा १,२९,९९९ रुपयांना होता आणि तेवढ्याच स्टोरेजचा आयफोन १६ प्रो मॅक्स १,४४,९०० ला. आजचा दर वेगळा असणार, म्हणून तुलनेच्या दिवशीचेच दोन्ही दर घ्या आणि स्टोरेज सारखंच धरा. एकाचा २५६ आणि दुसऱ्याचा ५१२ असा दर बघून "दोघांत फार फरक नाही" म्हणणारे मी दर महिन्याला बघतो.

त्यात मिळवा: चार्जर (दोन्ही खोक्यांत फक्त केबल येते, अ‍ॅडॅप्टर नाही), कव्हर, काच. सॅमसंग ४५ वॅटनं चार्ज व्हायचा असेल तर ४५ वॅटचा पीपीएस (फोनच्या गरजेप्रमाणे व्होल्टेज बदलणारा) अ‍ॅडॅप्टरच लागतो. घरातला जुना चालेल, पण सावकाश. आणि सर्व्हिस सेंटरला फोन करून दोन्ही पडद्यांचा वॉरंटीबाहेरचा बदलायचा खर्च विचारा. त्याच फोनवर एक प्रश्न आणखी: काम कोल्हापुरातच होतं, की फोन पुण्याला पाठवतात? पाठवत असतील तर किती दिवस? तेवढे दिवस तुम्ही कशावर काम करणार?

नो कॉस्ट ईएमआयचा हिशोबही मांडा. बँक व्याज लावतेच. तेवढी सूट दर्शनी किमतीत दिली जाते, पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्या खिशातून जातो. समजा एकूण व्याज ७,००० झालं, तर १,२६० रुपये जीएसटी, वर बँकेची प्रोसेसिंग फी. शिवाय रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट ईएमआयवर मिळते का, हेही विचारा.

धंद्यासाठी घेत असाल तर बिल करायच्या आधीच जीएसटी नंबर द्या. मोबाइलवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे. बिलावर तुमचा नंबर असेल तरच त्याचं क्रेडिट घेता येतं. नंतर बिल बदलून घेताना दुकानदार आणि तुम्ही, दोघांचीही दमछाक होते.

टप्पा ४: हात, खिसा, पडदा

सकाळी अकराच्या सुमारास जा. तेव्हा दुकानात गर्दी नसते आणि कुणी घाई करत नाही.

वजन सॅमसंगचं २१८ ग्रॅम आणि आयफोनचं २२७ ग्रॅम, रुंदी दोघांची ७७.६ मिलिमीटर. कागदावर फरक नाहीच म्हणायचा. हातात मात्र कडेचा गोलावा आणि कॅमेऱ्याचा उंचवटा जाणवतो. प्रत्येक फोन दहा मिनिटं धरा, घड्याळ लावून. एका हातानं टाइप करा, वरच्या कोपऱ्यापर्यंत अंगठा पोचतो का बघा, शर्टाच्या खिशात ठेवून चपलेचा पट्टा लावायला वाकतो तसं वाका. डेमो फोनला मागं चोरीविरोधी वायर किंवा तुकडा चिकटवलेला असतो, त्यामुळे वजनाचा अंदाज चुकतो. न चिकटवलेला मागून घ्या.

पडद्याची तुलना करताना दोन्हींची ब्राइटनेस हातानं सारखी करा. आयफोनवरचा ट्रू टोन (भोवतालच्या उजेडाप्रमाणे पडद्याचे रंग बदलणारी सोय) बंद करा, सॅमसंगवर स्क्रीन मोड "नॅचरल" ठेवा आणि डोळ्यांना आराम देणारी पिवळी छटा दोन्हीकडे बंद करा. हे न करता रंग बघणं म्हणजे एकाला पिवळ्या बल्बखाली आणि दुसऱ्याला ट्यूबखाली बघण्यासारखं आहे. मग पडदा बंद करून दोन्ही फोन शेजारी ठेवा आणि छताचे दिवे त्यात कसे दिसतात ते बघा. एस२५ अल्ट्राची काच प्रतिबिंब बरंच कमी करते, दिव्यांच्या रेघा मंद दिसतात. आयफोनमध्ये त्या लख्ख दिसतात. शेवटी दोन्ही घेऊन दारात उन्हात उभे राहा. नकाशा उघडून गल्लीची नावं वाचता येतात का, एवढंच बघायचं.

सावधान: फोन गाडीच्या हँडलला लावून फिरणार असाल तर ऐका. मोटारसायकलच्या इंजिनाची जोरदार थरथर कॅमेऱ्यातली स्थिरता राखणारी यंत्रणा बिघडवू शकते, हे अ‍ॅपलनंच जाहीर केलंय, आणि तशी यंत्रणा एस२५ अल्ट्रातही आहे. फोन खिशात ठेवा, रस्ता कानात ऐका.

टप्पा ५: कॅमेरा, रंकाळ्यावर आणि जेवणाच्या ताटावर

दुकानातल्या कॅमेऱ्याच्या चाचणीला मी शून्य गुण देतो. सगळा उजेड वरून, समोर काचेची कपाटं, आणि डेमो फोनच्या लेन्सवर शंभर बोटांचे ठसे. नात्यात, मित्रांत हे दोन्ही फोन कुणाकडे तरी असतात. एक संध्याकाळ मागून घ्या, मालकालाही बरोबर न्या.

निघण्याआधी चार गोष्टी करा. एक, दोन्ही लेन्स मऊ सुती कापडानं पुसा. दोन, फोटोचा आकार सारखा करा. एस२५ अल्ट्राचा मुख्य कॅमेरा २०० मेगापिक्सेलचा असला तरी तो मूळ सेटिंगमध्ये १२ चा फोटो देतो, आणि आयफोन १६ प्रो मॅक्स २४ चा. तसेच मोठे करून बघितले की आयफोन जिंकल्यासारखा वाटतो. आयफोनवर कॅमेऱ्याच्या फॉरमॅट सेटिंगमध्ये १२ निवडा. तीन, तिथंच "मोस्ट कम्पॅटिबल" निवडा, म्हणजे फोटो जेपीईजी येतील आणि जुन्या संगणकावरही उघडतील. चार, फिल्टर आणि रंगांच्या शैली दोन्हीकडे बंद.

आता रंकाळा. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी पोचा. माणसाला पाण्याकडे पाठ करून उभं करा, मागं मावळतीचा उजेड. दोन्ही फोननी एकाच जागेवरून, एकाच मिनिटात, तीन-तीन फोटो. तीन घ्यायचेच, कारण एकेक फोटो नशिबावर जातो. चेहरा काळा पडतो का, की चेहरा उजळताना आकाश पांढरंफटक होतं, ते बघायचं. मग पाण्यातल्या संध्यामठावर झूम: ३ पट, ५ पट, १० पट. ३ पटीला सॅमसंगकडे वेगळा कॅमेरा आहे, आयफोन मुख्य कॅमेऱ्याच्या फोटोतून कापून देतो. ५ पटीला दोघांकडेही खरी लेन्स आहे. १० पटीला दोघंही कापतात आणि सॉफ्टवेअर तपशील भरतं. मठाच्या दगडी खांबांच्या कडा बघा: दगड दगडासारखा दिसतो, की रंगवल्यासारखा गुळगुळीत होतो? अंधार पडला की पळणाऱ्या मुलांचे फोटो घ्या, फ्लॅश न लावता. इथं एकाचा हात हललेला दिसतो, दुसऱ्याचा नाही, आणि टप्पा १ मधला तुमचा कागद नेमकं हेच विचारत असतो.

व्हिडिओ चालत चालत एक मिनिट घ्या, बोलत बोलत. तलावावरचा वारा माइकवर आदळतो आणि आवाजाचा फरक तिथं कळतो.

रंगांची माझी सगळ्यात विश्वासाची चाचणी मात्र रंकाळ्यावर होत नाही. ती होते मटणाच्या ताटावर. तांबडा आणि पांढरा रस्सा शेजारी ठेवा, खानावळीच्या पिवळट दिव्याखाली, आणि दोन्ही फोननी वरून फोटो घ्या. पांढरा रस्सा ओल्या नारळाच्या दुधाचा, किंचित मोतिया. तो फोटोत निळसर आला तर फोन पिवळ्या उजेडाला जास्तच दुरुस्त करतोय, पिवळा आला तर कमी. तांबड्यावरची तर्री बघा: तिच्यात गडद लाल, नारिंगी आणि तेलाची चमक असे तीन थर डोळ्यांना दिसतात. ज्या फोटोत ते तिन्ही राहिले तो फोन लाल रंग सांभाळतो. सगळा एकच भडक लाल ठिपका झाला असेल, तर लग्नातल्या लाल शालूचंही तेच होणार.

बघताना सगळ्यात जास्त चूक होते. फोटो ज्या फोनवर काढला त्याच फोनवर बघू नका, तिथं पडदा कॅमेऱ्याच्या चुका झाकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवू नका, तो फोटो दाबून लहान करतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा गूगल ड्राइव्हवर टाका आणि संगणकावर उघडा. घरातल्या कुणाला तरी फाइलींची नावं बदलून "क" आणि "ख" करायला सांगा. तुम्हाला कुठला कशाचा ते कळता कामा नये. मी आईला बसवतो. तिला कंपन्यांशी देणंघेणं नाही, ती सरळ म्हणते, "ह्यात तू आजारी दिसतोयस." त्वचेच्या रंगाबद्दल एवढा नेमका शेरा मी कुठल्या परीक्षणात वाचलेला नाही.

टप्पा ६: बॅटरी, रेंज, पाऊस

एमएएच (बॅटरीच्या क्षमतेचा आकडा) बघून बॅटरी ठरवू नका. सॅमसंग ५,००० असं छापतं, अ‍ॅपल आकडा छापतच नाही. दोन्ही फोन पूर्ण चार्ज करा, ब्राइटनेस सारखी ठेवा, नकाशा चालू करा आणि पन्हाळ्याला जाऊन या. साधारण २० किलोमीटर जाणं, तेवढंच येणं. वर गेल्यावर सज्जा कोठीपाशी एक व्हिडिओ कॉल करा. घरी आल्यावर किती टक्के उरली ते लिहा. मग दोन्ही अर्धा तास चार्जिंगला लावा आणि किती भरली तेही लिहा. रेंजची तुलना एकाच कंपनीच्या सिमवर करा. एकात एक नेटवर्क आणि दुसऱ्यात दुसरं असेल तर ती सिमकंपन्यांची तुलना होते.

दोघंही आयपी६८ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचं मानांकन) आहेत. सॅमसंगचा दावा दीड मीटर खोल पाण्यात अर्धा तास, अ‍ॅपलचा सहा मीटर. हे दावे प्रयोगशाळेतल्या साध्या पाण्याचे आहेत आणि पाण्यानं झालेलं नुकसान दोघांच्याही साध्या वॉरंटीत बसत नाही. जुलैच्या झडीत फोन भिजला तर भीती नको, पण मुद्दाम बुडवून बघू नका. आणि जोतिबाच्या यात्रेहून आल्यावर चार्जिंगच्या भोकातला, स्पीकरच्या जाळीतला गुलाल कोरड्या मऊ ब्रशनं काढा. टाचणी घालू नका, ओलं कापड तर मुळीच नको.

टप्पा ७: खरेदी, आणि जुना फोन कधी द्यायचा

खोकं दुकानातच उघडा, व्हिडिओ काढत. फोनवर *#०६# दाबा. पडद्यावरचा, खोक्यावरचा आणि बिलावरचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबर), तिन्ही जुळायला हवेत. इंग्रजी अक्षरांत केवायएम, एक जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठवला की त्या नंबरची सरकारी नोंद कळते. पांढरा आणि काळा, दोन्ही रंग पडदाभर लावून ठिपके बघा, दोन्ही स्पीकर वाजवा, पुढचे-मागचे सगळे कॅमेरे तपासा. बदलून द्यायची मुदत दुकानाकडून बिलावर लिहून घ्या.

आता व्हॉट्सअ‍ॅप. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना जुन्या फोनवर "मूव्ह टू आयओएस" अ‍ॅप टाकावं लागतं, आणि नवा आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच, सेटअप चालू असताना, व्हॉट्सअ‍ॅपचा पर्याय निवडावा लागतो. लोक दुकानातच उत्साहानं आयफोन सुरू करून टाकतात. मग सगळं पुसून पुन्हा सुरुवात. आयफोनवरून सॅमसंगवर येताना सॅमसंगचं स्मार्ट स्विच अ‍ॅप आणि केबल वापरा, तेही नव्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप उघडायच्या आधी. म्हणून दुकानात तपासणी करायची असेल तर दुकानदाराला आधीच सांगा: तपासल्यावर फोन पुन्हा फॅक्टरी रीसेट करून घरी नेणार. दोन्ही फोन पन्नास टक्क्यांच्या वर चार्ज, एकाच वाय-फायवर, आणि हाताशी दोन तास असतील तेव्हाच बसा.

जुना फोन एक्स्चेंजमध्ये ऑनलाइन द्यायचं ठरवत असाल तर इथं अडचण आहे. नवा फोन देणारा मुलगा जुना लगेच घेऊन जातो. मी एकदा असाच फसलो. दारात त्यानं फोन उन्हात तिरका धरला, कडेची एक चरे पडल्यासारखी रेघ दाखवली आणि संकेतस्थळावर ठरलेल्या रकमेतून साडेचार हजार कमी झाले. नाही म्हणालो असतो तर नव्या फोनची डिलिव्हरीच रद्द झाली असती. घाईत हो म्हटलं, आणि फोटो अर्धेच उतरवलेले होते. तेव्हापासून मी घरच्यांना एकच सांगतो: चार पैसे कमी आले तरी चालतील, पण आधी डेटा हलवायचा, मग दुकानात जाऊन जुना द्यायचा.

आठ दिवस जुना फोन जवळ ठेवा. ह्या दिवसांत नव्यावर बँकेचं अ‍ॅप, यूपीआय, डिजिलॉकर, ओटीपी देणारी अ‍ॅप एकेक करून चालू करा. यूपीआयला ज्या नंबरवर खातं आहे ते सिम नव्या फोनमध्ये असावं लागतं आणि तिथून एक एसएमएस जावा लागतो, म्हणून ई-सिम आधी चालू करून घ्या. सगळं चाललं की जुन्यावरून आयक्लाउड किंवा गूगल खात्यातून बाहेर पडा, मग पुसा. खातं तसंच ठेवून पुसला तर फोन कुलूपबंद राहू शकतो आणि घेणारा तो तुमच्या दारात परत आणून देतो.